डावा डोळा

रविवारची सकाळ, साडेनऊ वाजायला दोन मिनिटं कमी. साल १९८७. पुण्यातल्या एका वाड्यात तुम्ही दहा वर्षांचे आहात. वाड्यातला एकुलता एक टीव्ही तुमच्या घरात, त्यामुळे बाहेरच्या खोलीत मुंगी शिरायला जागा नाही. चपलांचा ढीग जिन्यापर्यंत गेलाय. समोरच्या काकूंनी टीव्हीला हार घातलाय आणि वर उदबत्ती लावलीय. रस्त्यावर चिटपाखरू नाही. अख्ख्या गल्लीत एकच आवाज, ‘रामायण’चा.

पडद्यावर एक कुबडी म्हातारी काठी टेकत कैकेयीच्या महालात येते. तिचा एक डोळा बारीक झालेला, दुसरा टक्क उघडा. ती राणीच्या कानाशी लागते आणि खोलीतल्या बायका कडाकडा बोटं मोडतात.

“मेली! लागली बघा कान भरायला.”

“जन्मभर हेच करत आली ही. सुनांना छळलं, आता रामाला छळतेय.”

तुमची आजी तेवढी बोटं मोडत नाही. ती अडकित्त्याने सुपारी कातरत बसलीय. मान वर न करता ती म्हणते, “देखणी होती हो ललिता पवार. डोळ्याला लागलं त्याच्या आधी पाहिलीय मी तिला. आर्यनमध्ये. मुका सिनेमा होता.”

“तो सिनेमा परत कधी लागेल, आजी?”

“आता कुठला लागायला, बाळा. ती रिळं गेली सगळी.”

खरंच गेली. आपल्याकडे तेराशेच्या आसपास मूकपट निघाले आणि त्यातले बोटांवर मोजण्याइतके धडपणे उरले. नायट्रेटची फिल्म ठिणगीचं निमित्त होऊन भडकायची. जी जळली नाही ती आपोआप चिकट होऊन कुजायची, आणि जी कुजली नाही ती चांदी काढण्यासाठी वितळवली जायची. मंथरेच्या पाठीमागचा तो तरुण चेहरा असाच कुणाच्या तरी भट्टीत विरघळला. आता तो बघायचा तर एकच वाट उरते. मागे जायचं.

जाण्याची अट सोपी आहे. बघायचं, ऐकायचं. मध्ये बोलायचं नाही, कुणाला हात लावायचा नाही. कितीही वाटलं तरी.

उदबत्तीचा वास विरतो आणि उन्हाचा चटका अंगाला लागतो.

१९२८. पुणं तेच आहे, पण गाड्यांचा आवाज नाही. टांग्याच्या घोड्यांच्या टापा ऐकू येतात. तुम्ही एका मोकळ्या आवारात उभे आहात. समोर राजवाडा आहे, म्हणजे राजवाड्याच्या तीनच भिंती. त्या बांबू आणि कापडाच्या, वर रंग मारलेला. छप्पर नाही. त्याच्या जागी पांढरं कापड ताणलंय, ऊन गाळून खाली यावं म्हणून. दोन पोरं चंदेरी कागद चिकटवलेले फळे धरून उभी आहेत आणि ऊन नटाच्या तोंडावर वळवतायत. ढग आला की सगळे थांबतात. विडी पेटते. ढग सरकला की पुन्हा धावपळ.

कॅमेरामन तिपाईवरच्या लाकडी पेटीला डोळा लावून हँडल फिरवतोय. सेकंदाला दोन फेरे. हात हलला तर पडद्यावरचा माणूस धावायला लागेल, म्हणून तो ओठांतल्या ओठांत ताल मोजतोय. आवाज मुद्रित व्हायचा नसल्यामुळे दिग्दर्शक चालू दृश्यातच ओरडून सांगतोय, “मान खाली! आता वर बघ! रड, रड!” त्यातच शेजारी सुतार ठोकाठोक करतोय आणि कुणाची काही हरकत नाही.

चित्रपट आहे ‘राजा हरिश्चंद्र’. पंधरा वर्षांपूर्वी, १९१३ साली, नाशिक जिल्ह्यातल्या त्र्यंबकेश्वरात जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी हीच कथा पडद्यावर आणली, तेव्हा तारामतीच्या कामाला त्यांना एकही बाई मिळाली नाही. अण्णा साळुंके नावाच्या पुरुषाने लुगडं नेसून तारामती केली. आणि आज त्याच कथेच्या या नव्या चित्रपटात, त्याच नाशिक जिल्ह्यातली एक मुलगी तोंडाला पावडर थापून उन्हात उभी आहे.

तिचं नाव अंबा. अंबा लक्ष्मणराव सगुण. जन्म १८ एप्रिल १९१६, गाव येवलं. पैठणीचं येवलं. वडिलांचा रेशमी आणि सुती कापडाचा व्यापार. महिना अठरा रुपयांवर ती सिनेमात आली, असं पुढे सगळे सांगत राहतील. तुम्ही मात्र तिचा पगार विसरून तिच्याकडे बघत राहता.

दोन्ही डोळे सारखे आहेत.

टपोरे, थोडे लांबट, आणि बिचकणं कसं ते त्यांना ठाऊकच नाही. चंदेरी फळ्याची तिरीप थेट डोळ्यांत येते, मोठी माणसंसुद्धा मिचकावतात. अंबा मिचकावत नाही. या फिल्मवर लाल रंग काळा उमटतो, म्हणून गालांना लाली लावायची सोय नाही. चेहरा पांढरट करून टाकलाय आणि त्या पांढऱ्या चेहऱ्यावर फक्त डोळेच बोलतायत. मूकपटात दुसरं बोलायला असतंच काय?

थोडं पुढे सरका. आता मंडईजवळचं आर्यन चित्रगृह. पडद्याच्या खाली पेटीवाला आणि तबलजी बसलेत. पडद्यावर घोडा दौडला की तबला दौडतो, कुणी रडलं की पेटी रडते. बायकांच्या बाजूला आईच्या मागे अंग चोरून एक मुलगी बसलीय. परकर-पोलकं, वेणीत अबोलीचा गजरा. पडद्यावरची मुलगी आणि ही, दोघी जवळजवळ एका वयाच्या. पडद्यावरची मान वळवून प्रेक्षकांकडे बघते आणि ही आपोआप तोंडाला पदर लावायला जाते. मग लक्षात येतं की आपण अजून पदर घेत नाही.

ती तुमची आजी आहे. तुम्हाला हाक मारावीशी वाटते. अट आठवते. तुम्ही गप्प राहता.

पुढची दहा-बारा वर्षं भराभर जातात, कारण ती मुलगीच भराभर पुढे निघालीय. अंबाची ललिता होते, पुढे ललिता पवार. १९३१ च्या मार्चमध्ये गिरगावातल्या मॅजेस्टिकला ‘आलम आरा’ लागतो आणि मुका पडदा बोलायला लागतो. कितीतरी नटनट्यांचं दुकान तिथेच बंद होतं. कुणाला हिंदी येत नाही, कुणाला सूर सापडत नाही. ललिता टिकते. नुसती टिकत नाही. १९३२ साली ‘कैलास’ या मूकपटाच्या निर्मितीत ती स्वतः भागीदार असते. सोळा वर्षांची मुलगी.

१९३५. तुम्ही आता बंद स्टुडिओत आहात. बोलपटाच्या जमान्यात ऊन कामाचं नाही, दिव्यांच्या भट्टीखाली काम चाललंय. पंखे बंद, कारण मायक्रोफोनला पंख्याची घरघर ऐकू जाते. पार्श्वगायन अजून रुळलेलं नाही. ज्याने पडद्यावर गायचं त्याने तिथेच, त्याच क्षणी गायचं, त्याच वेळी नाचायचं आणि त्याच वेळी हसायचं. साजिंदे झाडाच्या मागे, खांबाच्या आड लपलेत. एक सूर हुकला की साजिंद्यांपासून दिवेवाल्यापर्यंत सगळ्यांनी पुन्हा पहिल्यापासून. ‘हिम्मत-ए-मर्दां’मध्ये ललिता स्वतः गाते. घाम मानेवरून पाठीवर उतरतोय आणि चेहऱ्यावर त्याचा मागमूस नाही.

१९३८ ला ती ‘दुनिया क्या है’ काढते. कथा टॉलस्टॉयच्या ‘रिझरेक्शन’वर बेतलेली. निर्माती तीच, नायिका तीच. भालजी पेंढारकरांच्या ‘नेताजी पालकर’मध्ये ती आहे. १९४१ ला मास्टर विनायकांच्या ‘अमृत’मध्ये ती आहे आणि कथा वि. स. खांडेकरांची. वय पंचवीस. नाचता येतं, गाता येतं, घोड्यावर बसता येतं, मराठी आणि हिंदी दोन्ही पडदे मुठीत आहेत. समोर दहा-पंधरा वर्षं नायिकेची पडलीत असं तिला वाटत असणार. तिच्या जागी कुणालाही वाटलं असतं.

आता पुढचं पाऊल टाकायला तुमचा पाय उचलत नाही. पण उचलावा लागतो.

१९४२. चित्रपटाचं नाव ‘जंग-ए-आझादी’. प्रसंग साधा आहे: पुरुषाने बाईच्या थोबाडीत मारायची. समोर भगवान आभाजी पालव उभे आहेत. मास्टर भगवान, पुढे सगळ्या महाराष्ट्राचे भगवानदादा. दादरच्या कामगार वस्तीत वाढलेला, कुस्तीचा शौक असलेला, मारधाडीच्या चित्रपटांत अंग घासलेला गडी. मनात कपट नाही. दुसऱ्याचं वाईट चिंतणारा तो माणूसच नाही. पण हात पैलवानाचा आहे.

मारायचं नाटक कसं करतात ते तुम्ही एव्हाना शिकला आहात. हात गालाच्या जवळून न्यायचा, शेवटच्या क्षणी वेग मोडायचा, आणि मार खाणाऱ्याने मान झटकायची. सगळा खेळ त्या शेवटच्या क्षणाचा. वेग मोडला तर अभिनय. नाही मोडला तर...

दिवे लागतात. सगळे गप्प होतात. तुम्हाला ठाऊक आहे आणि इथे दुसऱ्या कुणालाही ठाऊक नाही. ‘थांबा’ म्हणायला दोन अक्षरं लागतात. ती तुमच्या जिभेवर आहेत. भगवानचा हात उचलला जातो आणि तुम्ही ओरडता. ऐकू कुणालाच जात नाही. हा मूकपट आता तुमचा आहे.

आवाज एवढा होतो की क्षणभर सगळ्यांना वाटतं, झकास झाला शॉट.

मग ती मान वर करत नाही.

चेहऱ्याच्या प्रत्येक बाजूला एकेक नस असते. कानाच्या मागून निघते, पंख्यासारखी पसरते आणि कपाळ, पापणी, गाल, ओठ यांना हलवते. तिला मार बसला की ती बाजू लोंबायला लागते. पाणी पिताना ओठाच्या कोपऱ्यातून गळतं. पापणी मिटता मिटत नाही. हसायला गेलं की अर्धाच चेहरा हसतो. ललिताच्या चेहऱ्याला अर्धांगवायू झाला आणि डाव्या डोळ्यातली शीर फुटली. उपचार तीन वर्षं चालले. चेहरा बराचसा परत आला. डावा डोळा आला नाही. तो कायमचा बारीक झाला.

भगवानकडे वळून बघायचं टाळू नका. त्याचेही हात कापत असणार. हाच माणूस १९५१ ला ‘अलबेला’ काढेल, त्याच्या नाचाच्या चार सोप्या पावलांवर देशभरची लग्नं आणि गणपतीच्या मिरवणुका नाचतील, आणि म्हातारपणी तो पुन्हा दादरच्या चाळीतल्या खोलीत राहायला येईल. दोन चांगली माणसं एका क्षणी एकमेकांसमोर उभी होती आणि एका हाताचा वेग मोडला नाही. यात दोष कुणाच्या पदरात टाकायचा ते ठरवायला तुम्ही आलेला नाही.

तुम्हाला बघायचंय ते पुढचं. ती आता काय करते?

घराचं दार लोटून तुम्ही आत जात नाही. ते महिने तिचे एकटीचे आहेत. एवढंच समजून घ्या की त्या काळात नायिकेचा चेहरा म्हणजेच नायिकेचं दुकान. घोड्यावरून पडून पाय मोडला असता तर निर्माते थांबले असते. डोळा तिरका झालेल्या नायिकेसाठी कोण थांबणार? पंचविशी-सव्विशीतल्या बाईसमोर दोन वाटा होत्या. एक, घरी बसायचं आणि ‘मी नायिका होते’ हे पुढची पन्नास वर्षं लोकांना सांगायचं. दुसरी वाट अजून कुणी मळलेलीच नव्हती.

१९४४. पुण्यात प्रभातच्या आवारात शनिवारवाडा उभा आहे. पुढे याच आवारात फिल्म इन्स्टिट्यूट येईल, आणि हाकेच्या अंतरावर जुन्या रिळांना जपणारं सरकारी अर्काइव्ह. व्ही. शांताराम दोनच वर्षांपूर्वी प्रभात सोडून गेलेत, तरी इथल्या कामाची शिस्त तशीच आहे. चित्रपट ‘रामशास्त्री’. गजानन जागीरदार न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे झालेत. पेशव्याच्या खुनाबद्दल खुद्द राघोबादादाला देहान्त प्रायश्चित्त सांगणारा तो करारी ब्राह्मण.

आणि आनंदीबाई कोण?

आपल्या भाषेत त्या बाईने एक वाक्प्रचार ठेवून दिलाय: ‘ध’चा ‘मा’ करणं. नारायणरावाला धरायचा हुकूम होता, तिने एक अक्षर बदललं आणि ३० ऑगस्ट १७७३ ला त्याला मारला, असं आपण शाळेपासून ऐकत आलो. इतिहासकार त्यावर काय म्हणायचं ते म्हणोत, लोकांनी ती गोष्ट केव्हाच घट्ट धरून ठेवलीय. ज्या भूमिकेवर मराठी माणूस दीडशे वर्षं बोटं मोडत आलाय, ती ललिता पवार उचलते.

दिवे लागतात. तुम्हाला वाटतं, ती डावी बाजू लपवेल. एका कुशीवर मान ठेवेल, पदर ओढून घेईल. जखम झाकायला कुणीही तेच केलं असतं.

ती अख्खा चेहरा कॅमेऱ्यासमोर धरते.

बारीक झालेला डोळा हिशेब करतोय आणि उघडा डोळा हुकूम सोडतोय. एकाच चेहऱ्यात दोन बायका बसल्यात. आजवर नटीने कारस्थान दाखवायचं तर भुवई उडवायची, ओठ मुडपायचे. इथे ती स्वस्थ उभी आहे आणि तरी तुमच्या अंगावर काटा येतो. ज्या डोळ्याने तिचं नायिकापण हिरावलं, त्याच डोळ्याला ती कामाला लावतेय. हे नशिबाने तिच्या ओंजळीत टाकलेलं नाही. तिने ते आरशासमोर बसून शोधून काढलंय. आपला चेहरा ती नव्याने शिकली, लेकरू चालायला शिकतं तशी.

इथून पुढे तिला थांबवणारं कुणी नाही.

१९५०, परळ, राजकमल स्टुडिओ. शांतारामबापूंचा ‘दहेज’. पृथ्वीराज कपूर मुलीच्या बापाच्या भूमिकेत, जयश्री सून, आणि सासू ललिता पवार. हुंड्यासाठी सुनेला रोज थोडी थोडी मारणारी. तुम्ही सेटवर थांबू नका, थेट थिएटरात जा, बायकांच्या गर्दीत बसा. शेजारची बाई हुंदके देतेय. ती पडद्यावरच्या सुनेसाठी रडतेय की स्वतःसाठी, ते अंधारात कळत नाही. पडद्यावरच्या सासूला शिव्या घालून तिला मोकळं वाटतंय, कारण घरातल्या सासूला घालता येत नाहीत. एका बाईने आपला चेहरा पुढे केला आणि लाखो बायकांनी त्याच्यावर आपला राग ओतला. तेव्हापासून आपल्या घरांत कजाग सासूला ‘ललिता पवार’ म्हणतात. शिवी म्हणूनच म्हणतात. पण त्या शिवीत किती बायकांचा निचरा झाला, त्याचा विचार कुणी करत नाही.

लोक इथेच थांबतात आणि चुकतात. तुम्ही थांबू नका.

१९५५, ‘श्री ४२०’. मुंबईच्या फूटपाथवर केळीवाली गंगामाई बसलीय. राज कपूर भावाची घासाघीस करतोय आणि ती त्याला दरडावतेय. तोच बारीक डोळा. आता तो गिऱ्हाईक ओळखणाऱ्या बाईचा आहे. समोरच्या पोराच्या खिशात काय आहे, पोटात काय नाही, हे त्याने एका नजरेत टिपलंय. ती आवाज चढवते आणि तुम्हाला समजतं की हिचा जीव जडला.

आणि मग १९५९. हृषीकेश मुखर्जींचा ‘अनाडी’.

इथे जरा टेका. भाड्याची खोली, भिंतीवर येशूची तसबीर, अंगात फ्रॉक, डोळ्यांवर चष्मा. मिसेस डिसा भाडं थकवणाऱ्या पोराच्या नावाने तोंडाचा पट्टा सुरू करते. येवल्याच्या कापड-व्यापाऱ्याच्या घरची ही मुलगी आता मुंबईतली ख्रिश्चन म्हातारी झालीय. चालणं वेगळं, हात कमरेवर ठेवायची तऱ्हा वेगळी. वरून ती फणसासारखी काटेरी आहे आणि आतला गोडवा लपवायची तिची धडपड चाललीय. राज भुकेला आहे हे तिला कळलंय. तरी जेवायला बोलावताना सुद्धा ती खेकसते, कारण मायेने बोलावलं तर पोरगं लाजून नाही म्हणेल.

तिच्या डाव्या डोळ्याकडे नीट बघा. तीच पापणी, तीच दुखावलेली नस. ‘रामशास्त्री’त याच डोळ्यात कट शिजला. ‘दहेज’मध्ये याच डोळ्यात सुनेचं मरण लिहिलेलं होतं. आणि इथे त्याच डोळ्यात पाणी तरारलंय. ते ती चष्म्याआड ढकलते आणि पुन्हा खेकसते. पुढे भेसळीच्या औषधाने ती मरते आणि खुनाचा आळ त्याच पोरावर येतो, तेव्हा तुम्हाला घरचं माणूस गेल्यासारखं वाटतं. फिल्मफेअरने त्या वर्षीचं सहाय्यक अभिनेत्रीचं पारितोषिक तिला दिलं. दोनच वर्षांनी संगीत नाटक अकादमीचा सन्मान आला.

आपण म्हणतो, त्या थपडेने ललिता पवार घडवली. ‘अनाडी’ बघितल्यावर ते तोंडातून निघत नाही. थपडेने एक डोळा बारीक झाला, एवढंच थपडेचं काम. एकाच बारीक डोळ्यातून कधी विष आणि कधी माया काढायची, हे तिचं काम. तेवढं श्रेय तिचं तिला द्यायला आपल्याला इतकी वर्षं का लागावीत?

अजून शंका असेल तर १९६२ पर्यंत चला. चित्रपट ‘प्रोफेसर’. शम्मी कपूर म्हाताऱ्याचं सोंग घेऊन शिकवणीला येतो आणि घरची करडी मावशी, सीतादेवी, त्या खोट्या म्हाताऱ्याच्या प्रेमात पडते. थिएटर खो खो हसतंय. प्रौढ बाई नटायला लागली की लोक हसतातच. पण ललिताबाईंनी ती बाई हास्यास्पद केलेली नाही. घराची जबाबदारी ओढता ओढता स्वतःचं तारुण्य कधी सरलं ते जिला कळलंच नाही, अशी ती बाई आहे. आरशात बघताना तिच्या चेहऱ्यावर लाज उमटते. सोळा वर्षांच्या मुलीची लाज. तो चेहरा तुम्ही ओळखता. चौतीस वर्षांपूर्वी चंदेरी फळ्याच्या तिरिपीत उभी असलेली अंबा क्षणभर मान वळवते आणि दिसेनाशी होते.

१९७१ ला ‘आनंद’मध्ये हृषीदा तिला पुन्हा बोलावतात. ती इस्पितळाची मेट्रन आहे आणि नाव पुन्हा डिसाच. बारा वर्षांनी दिग्दर्शक तेच नाव त्याच बाईला परत देतो, याहून मोठा सन्मान नटाला कोणता मिळणार?

आता वर्षं सुसाट पळतात. सातशेच्या आसपास चित्रपट. मूकपट, बोलपट, रंगीत, सिनेमास्कोप, आणि अखेर दूरदर्शन. उंबरगावच्या सेटवर तुम्ही पोहोचता तेव्हा रामानंद सागरांची अयोध्या उभी आहे. सत्तरी ओलांडलेली एक बाई खुर्चीवर बसलीय. पाठीवर कुबड बांधलेलं, हातात काठी. १९६१ च्या ‘संपूर्ण रामायण’मध्येही मंथरा तिनेच केली होती. तेव्हा कुबडासाठी वाकावं लागलं, आता वयच थोडं वाकवतंय.

दिवे लागतात. बाई उठते. दिव्याचा झोत थेट डोळ्यांत येतो, आजूबाजूची तरणी माणसं मिचकावतात.

ती मिचकावत नाही.

‘ध’चा ‘मा’ करणारी आनंदीबाई आणि राणीचे कान भरणारी मंथरा. दोघींच्या एकेका शब्दाने राज्यं उलटली, आणि आपण दोघींचे चेहरे एकाच बाईकडून घेतले. खऱ्या आनंदीबाईचं चित्र कुणाच्या डोळ्यांसमोर येत नाही. मंथरा तर कुणी पाहिलेलीच नाही. मराठी मनात त्या दोघींना डावा डोळा बारीकच आहे.

अट पाळत तुम्ही परत फिरता. पण वाटेत एक थांबा चुकवता येत नाही.

२४ फेब्रुवारी १९९८. पुणं, औंध. ज्या शहरात तिने पहिल्यांदा तोंडाला पावडर लावली, त्याच शहरात ललिताबाई जातात. घरात तेव्हा दुसरं कुणी नाही. सत्तर वर्षं माणसांनी गजबजलेल्या सेटवर काढलेली बाई एकटी असताना गेली. तुम्ही दाराबाहेरच थांबता, हात जोडता आणि निघता.

आता तुम्ही एकवीस वर्षांचे आहात. वाडा पाडायला काढलाय, सामान बांधून झालंय. टीव्ही तेवढा अजून जागेवर आहे. आजीचा एक डोळा मोतीबिंदूने धूसर झालाय, तरी अडकित्ता हातात आहेच. सकाळच्या पेपरातली बातमी तुम्ही तिला वाचून दाखवलीत. ती काही बोलली नाही. संध्याकाळी तुम्ही कोपऱ्यावरच्या दुकानातून ‘अनाडी’ची कॅसेट भाड्याने आणता.

मिसेस डिसाचा चेहरा पडदाभर येतो. तुम्ही उठून टीव्हीजवळ जाता आणि काचेवर हात ठेवता. काच चटचटते, हातावरची लव उभी राहते. पडद्याची उजवी बाजू, म्हणजे तिची डावी, तळव्याखाली झाकली जाते. उरलेल्या अर्ध्या चेहऱ्यावर एक टपोरा, लांबट डोळा तुमच्याकडे बघतो. न बिचकणारा. आर्यनच्या पडद्यावर आजीने पाहिलेला.

“आजी, हाच का गं तो चेहरा?”

आजी सुपारी खाली ठेवते. मान थोडी कलती करून चांगल्या डोळ्याने खूप वेळ बघते. परकर-पोलक्यातली ती मुलगी तिच्या चेहऱ्यावर येते आणि जाते.

“हो, हाच,” ती म्हणते. “आता हात काढ. पूर्ण बघ तिला.”